शेजारच्यांचे परदेशी शिष्य

नवीन जालन्यात आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ रोज संध्याकाळी गच्चीवर मोबाइलसमोर बसून परदेशी लोकांना ध्यान शिकवतात. आधी ते बियाण्यांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचे. इंग्रजी तोडकंमोडकं. "सिट. ब्रीद. बराबर," एवढं म्हणून ते डोळे मिटतात, आणि तिकडे जर्मनीतली माणसं त्यांच्यामागून भक्तिभावाने "बराबर" म्हणतात. मी जन्मभर संस्कृत शिकवलं. गीता मला तोंडपाठ आहे, पण माझ्या प्रवचनाला गल्लीतले चार म्हातारे येतात, तेही पंख्याखाली जागा मिळाली तर.

एकदा मी खोचकपणे विचारलं, "तुम्ही त्यांना नेमकं शिकवता तरी काय?"

"काहीच न्हाई, सर. फक्त सोबत बसून राह्यलो."

परवा त्यांची एक जर्मन शिष्या जालन्याला आली. तिला घेऊन ते आपण होऊन माझ्या प्रवचनाला आले. माझ्याकडे हात करून तिला म्हणाले, "सर, बिग मॅन. फुल गीता." मीही मग मुद्दाम इंग्रजीतून बोललो, स्थितप्रज्ञाची लक्षणं एकेक करून उलगडली. ते कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते, आणि ती बाई सगळा वेळ मान वळवून त्यांच्याकडेच बघत होती.

घरी येताना बायको म्हणाली, "अहो, मी पण जाऊ का संध्याकाळी त्यांच्याकडं?"

"जा की," मी म्हणालो, आणि तिला मागे टाकून झपझप चालायला लागलो.