सात टनांची स्कूटी

माझ्या स्कूटीचं वजन सात टन आहे. निदान कन्नडजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्याच्या लेखी तरी आहे.

क्रांती चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर बनतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांना आम्ही ब्रांच म्हणतो, आणि जी ज्या गावात पहिल्यांदा बसली त्या गावाचं नाव तिला चिकटतं. सगळ्यांत म्हातारी कन्नड, मग बिडकीन. प्रत्येक ब्रांच धड आहे का हे बघायला रोज सकाळी टेस्ट चालते. त्या त्या ब्रांचचा ऑफिसातला कॉम्प्युटर सात टनांची एक खोटी रिकामी गाडी काट्यावर पाठवतो, वजन बरोबर उमटलं की टेस्ट पास. ऑफिसात काटा नव्हता, म्हणून ‘तात्पुरतं जोडा’ म्हणत ही गाडी थेट गिऱ्हाइकांच्याच काट्यांवर सोडलेली. आमच्याकडे तात्पुरतं जोडलेलं काहीही माणूस रिटायर होईपर्यंत टिकतं. गाडीला नंबर हवा होता, तो मी माझ्या स्कूटीचा दिला.

गिऱ्हाइकाकडची लाइट गेली की टेस्ट फेल व्हायची. शेवटी यंदा नव्या ब्रांचमध्ये दुरुस्ती झाली. आता गाडी कॉम्प्युटरमधल्याच लटक्या काट्यावर जाणार. ही दुरुस्ती जुन्या ब्रांचपैकी कुणाला द्यायची, यावर सरांनी मीटिंग लावली. मला मीटिंगांचा मनापासून तिटकारा आहे, म्हणून आधीच सोक्षमोक्ष लावायला मी कन्नडच्या काटेवाल्यांना फोन केला.

“ताई, ती गाडी बंद नका करू,” ते एकदम म्हणाले. “लई गुणाची गाडी. येती, उभी ऱ्हाती, जाती. डायवर भांडत नाय.”

मग सगळं कळलं. कापूस यंदा लवकर आटोपला होता, खऱ्या गाड्या यायच्या थांबल्या होत्या. मालक शहरात राहतात आणि मोबाईलवर रोजच्या गाड्या बघतात. एक जरी गाडी दिसली तरी काट्यावर माणूस लागतो, असा त्यांचा हिशेब. मागं एकदा लाइट गेली, गाडी आली नाही, तर संध्याकाळी ‘उद्यापासून किल्ल्या द्या’ म्हणून फोन. दुसऱ्या सकाळी गाडी दिसली तेव्हा कुठे ते निभावलं.

“किल्ल्या गेल्या म्हंजे ऱ्हायची खोली गेली. मग समद्यांनी मेव्हण्याच्या मेंढरामागं जायचं. अन् पोरगी दहावीला हाय,” ते म्हणाले. “पेपर होऊस्तोर येऊ द्या तिला.”

मीटिंगमध्ये सरांनी धोरण सांगितलं. जी ब्रांच जिवंत, तिला दुरुस्ती. जी मेली, तिला हात लावायचा नाही. बिडकीन जिवंत निघाली. कन्नडची पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि ती मेल्याचं सिद्ध करू लागले. तिला कुणी विचारत नाही, तिचं कुणी नाव काढत नाही, तिच्यात कुणाचा जीव गुंतलेला नाही. बोलता बोलता माझा आवाज इतका भरून आला की सरांनी पाणी मागवलं.

“कन्नड मेली,” सर म्हणाले. टेस्ट टीममधल्या एकाने खरोखर क्षणभर मान खाली घातली.

दुरुस्ती टळली. मेलेल्या ब्रांचचा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात तसाच घरघरत राहिला आणि सात टनांची गाडी रोज सकाळी कन्नडला जात राहिली. दहावी सुरू झाली. पेपर संपला की काटेवाल्यांचा फोन यायचा, मराठी बरा गेला, बीजगणित अवघड होतं. माझ्या स्वतःच्या दहावीत मी इतकी घाबरले नव्हते.

शेवटच्या पेपरच्या दिवशी ऑफिसात गेले तर कोपरा रिकामा. मेलेल्याची वीज कशाला जाळायची म्हणून सरांनी कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळी भंगारात काढला होता. माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटला होता. मला स्वतःचा, सरांचा आणि त्या धोरणाचा असा काही संताप आला की मी बॅग ठेवलीच नाही. तशीच खाली आले, स्कूटीला किक मारली आणि कन्नडचा रस्ता धरला.

पोचले तेव्हा पाठ मोडली होती आणि तोंडावर धूळ होती. काटेवाले दारातच उभे होते, चेहरा उतरलेला. मी स्कूटी काट्यावर चढवली आणि खाली उतरले. फलकावर शंभराच्या आसपासचा एक केविलवाणा आकडा उमटला.

त्यांनी नंबरप्लेट वाचली. पुन्हा वाचली. मग स्कूटीभोवती एक चक्कर मारून तिच्या सीटवर हात ठेवला.

“लई वाळली की हो ताई,” ते म्हणाले.

आणि आत जाऊन त्यांनी पावती काढली. मालकांच्या मोबाईलवर त्या दिवशीही नेहमीसारखी एक गाडी दिसली. पोरगी तेव्हा शेवटचा पेपर लिहीत होती.