अ‍ॅपवर बसलेलं झाकण

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि पालिकेच्या अ‍ॅपवर तर त्याहून नाही. तरी हे लिहितेय, कारण डोकं अजून तापलेलंच आहे. धुळ्याहून जळगावकडे येताना आमचं शहर लागतं — नाव मुद्दाम देत नाही. कॉलनीतली शेवटची गल्ली, आणि आमच्या फाटकासमोरच गटारीचं चेंबर. त्याचं लोखंडी झाकण कुणीतरी चोरून नेलं.

माझ्या सासऱ्यांना, नानांना, जवळजवळ दिसत नाही. काठी टेकत रोज मारुतीच्या पारावर जायचे, ते बंद झालं. माणूस घरात कोंडला गेला... मी चिडून अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार टाकली. काही दिवसांनी मेसेज आला — ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ सोबत फोटो. आमचंच फाटक, आमचंच चेंबर, वर कोरं करकरीत झाकण. मी हरखून नानांना वाचून दाखवलं, तसे ते काठी घेऊन निघालेच.

चपला घालून मागोमाग बाहेर आले, तर चेंबर उघडंच. आत काळं पाणी. आणि नाना त्याच्या मधोमध उभे... काठी खाली टेकली, तर लोखंडावर वाजावी तशी टण्णकन वाजली. ते आरामात पलीकडे गेले. मग मी एक खडा टाकून बघितला. तो डुबुक करून बुडाला.

तशीच तणतणत पालिकेत गेले. तिथले साहेब मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, “ताई, फोटोत झाकण दिसतंय ना?”

“रस्त्यावर नाहीये.”

“मग कुणी पडलं का?”

काय सांगणार? उत्तर ‘नाही’ हेच होतं.

शेवटी माझ्या नवऱ्याने चेंबरवर फरशी आणून टाकली. नाना तिलाच ठेचकाळले, पडता पडता वाचले आणि आमच्यावर उखडले, “नवं झाकण बसाडेल शे ना? मंग त्यावर फरशी कसाले टाकी?” फरशी काढावी लागली. गल्लीतले बाकीचे लोक वळसा घालून जातात. नानांना खरं सांगायची कुणाची छाती होत नाही.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. अ‍ॅपवर त्या तक्रारीखाली एक बटण आहे — ‘समाधान झाले नसल्यास तक्रार पुन्हा उघडा.’ रागाच्या भरात कितीदा तरी बोट तिथवर नेलंय. पण तक्रार उघडली, आणि नेमके तेव्हा नाना मधोमध असले तर?

परवा दातओठ खात पालिकेला पाच स्टार देऊन टाकले.