शेणाची पट्टी
ओल्या शेणमातीचा वास आला की मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम आठवतं. कुळगावातलं आमचं घर काळ्या दगडाचं, गोठा त्याला लागूनच. मधे एकच भिंत, दोन्हीकडचे वासे तिच्यावरच टेकलेले. शेजारी टॉवरचा पाया खोदायला लागले आणि त्या भिंतीला भेग गेली. भेग वाढते का ते बघायला तिच्यावर आडवी शेणमातीची पट्टी ओढतात. पट्टी तडकली की समजायचं, भिंत हलली. घमेलं मी धरलं, पट्टी तिनं ओढली. मी म्हटलं, "पडली तर म्हैस पण जाईल न्‌ आपण पण." ती म्हणाली, "तुमच्या आज्यानं बांधलीय, तुमच्यापेक्षा घट्ट आहे. माझ्या छातीत सकाळपासून कळ येतेय, ते बघा." "म्हैस बाहेर बांधतो, मग डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं. म्हैस बांधून आलो, तर ती भिंतीला टेकून बसलेली. हाक मारली, ओ दिली नाही. संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया घरात रडत होत्या आणि मी गोठ्यात जाऊन पट्टी बघितली. तडा कुठंच नव्हता, तिची चार बोटं तेवढी उमटलेली. मग म्हैस आणून परत त्याच भिंतीशी बांधली.