उतारावरचं बोलणं

मला एका जागी बसवत नाही. कुणाकडे चहाला गेले तर कप खाली ठेवायच्या आत मी उठलेली असते. मागे बायका म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. म्हणोत. ती भिंगरी लागली तेव्हा माझं घर एका जुन्या बसमध्ये होतं, आणि घरच चाकांवर असल्यावर बाईनं स्थिर कुठून व्हायचं?

साठ सालानंतरची ती वर्षं. यवतमाळ जिल्ह्यात विहिरींवर डिझेलची इंजिनं बसायला लागली होती. मोटेचे बैल सुटले, पण इंजिन बिघडलं की शेतकरी हवालदिल. ते बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून तालुक्याला न्यायचं, तिथे मिस्त्रीच्या पाया पडायचं, तोवर इकडे गहू सुकायचा. माझ्या नवऱ्यानं उलटं केलं. लिलावात निघालेली एक डिझेलची बस घेतली आणि स्वतःच विहिरीपर्यंत जायला लागला. मागची बाकं काढून अर्ध्या भागात हत्यारं, पान्हे, ऐरण, तेलाचे डबे. उरलेल्या अर्ध्यात फळ्यांची खाट, स्टोव्ह, दोन ट्रंका आणि दोरीवर माझी लुगडी. राळेगावकडून निघायचं, यवतमाळवरून खाली पुसदपर्यंत जायचं, वाटेत जिथे इंजिन अडेल तिथे मुक्काम. लोक त्याला फिरता कारखाना म्हणायचे. मी त्याला घर म्हणायचे, कारण माझ्या भाकरी तिथेच भाजल्या जात होत्या.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी सासरी राळेगाव तालुक्यात काढलं. खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचं घर. कोणी छळलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण सून म्हणजे मागच्या दारापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून मागच्या दारापर्यंत. डोईवरचा पदर नाकापर्यंत. मी भिंतीपलीकडे जाणाऱ्या बंड्यांचे आवाज ओळखायला शिकले, एवढाच काय तो विरंगुळा. नवरा बस घेऊन निघाला तेव्हा मी हट्ट धरला की मीपण येते. तो घुम्या माणूस. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी ते हो समजून ट्रंक बसमध्ये ठेवली.

बसचे ब्रेक जुने होते. सपाटीला चालून जायचं, पण मोठ्या उतारावर पाय दाबून धरला की चाकांतून जळका वास यायचा, आणि मग पाय कितीही दाबा, ब्रेक धरायचेच नाहीत. एकदा असंच झालं आणि आम्ही एका शेताच्या बांधावर चढून थांबलो. त्यावर नवऱ्यानं एक युक्ती केली. धरणाच्या कामावरच्या एका विलायती गाडीला त्यानं ती पाहिली होती. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत एक लोखंडी झडप बसवायची. उतारावर ती बंद केली की धूर कोंडतो, इंजिन जड फिरायला लागतं आणि तेच चाकांना आवरून धरतं. ब्रेक मग गरजेपुरता. मात्र गाडी गिअरमध्ये हवी आणि क्लचवर पाय नको. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचं नातं तुटतं, मग इंजिन कितीही जड फिरो, चाकं मोकाटच.

अडचण एकच होती. ती नळी गाडीच्या डाव्या अंगानं गेलेली, त्यामुळे झडपेचा दांडाही डावीकडे, दरवाज्यापाशी निघाला. ड्रायव्हर उजवीकडे. त्याचा हात पोचणं शक्य नव्हतं. “मंग घेईन उजव्या हाताले,” नवरा म्हणाला. ते मंग कधी आलंच नाही. लोकांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची हयात चालली होती, स्वतःच्या गाडीला वेळ कुठला? तोवर दांडा माझ्याकडे.

म्हणून आमचं लग्न खऱ्या अर्थानं उतारावर झालं असं मी म्हणते. एरवी दिवसभर तो इंजिनाशी बोलायचा, माझ्याशी नाही. पण उतार आला की त्याला बोलावंच लागायचं. “वढ.” “थोडं सोड.” “आता पुरी वढ, बंड्या हायेत समोर.” मीपण बोलायचे. “दुसरा टाका न, कायची वाट पाह्यता?” इंजिन खालून गुरगुरायचं, दांडा हातात थरथरायचा आणि गाडी संथ उतरायची. मला एरवी सारखं वाटत असतं की आपण कुठेतरी पोचायचे राहिलोय. त्या दांड्यावर हात असला की तसं वाटायचं नाही. मला ते फार आवडायचं, सरळच सांगते.

तीन वर्षं अशी गेली. मूल झालं नाही. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, “या फेरीले मी येतो.” का ते त्यांनी पहिल्याच मुक्कामी सांगून टाकलं. “बाईमानसानं असं रस्त्यानं राह्यलं त पाळना कसा हालन? पुसदपर्यंत पाह्यतो. मंग इले संग घेऊन जातो यष्टीनं.” नवरा पान्हा पुसत राहिला. मी भाकरी उलटवली आणि ती करपली. पुसद म्हणजे थोड्या दिवसांचाच प्रश्न होता. पुन्हा ते मागचं दार, ती चूल, ती भिंत.

मग मी ठरवलं, एवढं शहाण्यासारखं वागायचं की बोट ठेवायला जागा नको. आमच्याकडे वडीलधाऱ्यांदेखत नवरा-बायको एकमेकांशी बोलत नसत. तो माझ्याकडे पाहायचा नाही, मी त्याच्याकडे नाही. काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाकरवी. घरात हे सोपं असतं. पण बसच्या पुढच्या बाकावर तो उजवीकडे, मी डाव्या टोकाला दांड्यापाशी, आणि मधोमध सासूबाई, पायाशी गाठोडं घेऊन.

पहिलाच उतार आला. नवऱ्यानं घसा खाकरला. “माय, तिले सांग, वढ म्हना.” सासूबाई माझ्याकडे वळल्या. “काय व, तो म्हन्ते, वढ.” मी दांडा ओढला तोवर आम्ही खालच्या नाल्यापाशी पोचलो होतो आणि समोर चढ होता. बिचारी बस चढावर घुसमटून खोकायला लागली. “माय, सोड म्हना.” “सोड म्हन्ते व.” हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. पुढच्या उतारावर मी आपल्या मनानं आधीच ओढला. नेमका त्याचा पाय तेव्हा डिझेलच्या पेडलवर होता. काळा धूर कोंडला, इंजिनानं दोन आचके दिले आणि बंद. सासूबाई म्हणाल्या, “सांगल्याबिगर कायले हात लावतं?” नवऱ्यानं तोंड उघडलं नाही. मला त्याचा असा राग आला की रात्री मी त्याच्या ताटात मीठ वाढलं नाही. मागायलाही त्याला आईच लागली.

लहानसहान उतारांवर हे असं निभावलं. मी मात्र दिवसेंदिवस हैराण होत गेले. मुक्कामाला गाडी थांबली की मी विहिरीभोवती फेऱ्या मारायचे. पुसद जवळ येत होतं आणि पुसदच्या आधी घाट होता.

घाटाच्या माथ्यावर आम्ही सकाळच्या उन्हात पोचलो. तिथेच दुसरा गिअर टाकून उतरायला लागायचं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण गिअरचा दांडा आईच्या गुडघ्याला आणि त्या गाठोड्याला टेकलेला. आईला सरक म्हणायला तो संकोचला असावा. गाडी तिसऱ्यातच खाली लागली. पहिलं वळण ब्रेकवर निघालं. दुसऱ्यावर मला तो वास आला. वळणाच्या पुढे कापसाच्या बंड्यांची रांग सरकी काढायच्या जिनाकडे निघालेली, आणि रस्ता एका बंडीपुरता.

“माय, सांग तिले.”

सासूबाई काही सांगण्याच्या स्थितीत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून गाठोडं छातीशी धरलं होतं आणि देवीचा धावा चालवला होता. “माय, सांग न!” तो पुन्हा म्हणाला. आईलाच म्हणाला. माझा हात दांड्यावर, आणि मी वाट पाहत होते. खोटं वाटेल, पण पाहत होते. समोर बंड्या मोठ्या होत चालल्या होत्या, आणि माझ्या डोक्यात काय, तर सांगितल्याशिवाय हात लावला तर पुसदला काय होईल.

मग मी ओढला. इंजिन गुरगुरलं, गाडीनं धरल्यासारखं केलं, आणि एकाएकी दांड्यातली थरथर मेली. माझ्या तळहाताला कळलं. गाडी मोकळी सुटली होती. त्यानं घाबरून गिअर बदलायला क्लच दाबला होता आणि गिअर पडत नव्हता.

“क्लचवरचा पाय काहाडा!” मी ओरडले. “काहाडा अगोदर! अवो, काहाडा न!”

त्यानं पाय काढला. गाडीला असा हिसका बसला की माझा पदर खांद्यावर आला. इंजिन पुन्हा लागलं, पण तिसरा गिअर त्या उताराला पुरणार नव्हता.

“मी सोडतो,” मी म्हणाले, “तुम्ही रेस द्या अन् दुसरा टाका. मायचं गाठोडं मी वढतो इकडं. हं, आता!”

मी झडप सोडली आणि गाठोडं ओढलं. त्यानं रेस दिली आणि आईच्या गुडघ्यावरूनच गिअरचा दांडा मागे खेचला. दुसरा पडला. “पडला?” “पडला! वढ आता, वढ पुरी!” मी दोन्ही हातांनी ओढला. खालून तो ओळखीचा गुरगुराट आला आणि गाडी मंदावत मंदावत शेवटच्या बंडीच्या मागे बैलांच्या चालीनं चालायला लागली. बंडीवर कापसात निजलेल्या माणसानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि परत झोपला. आम्ही खाली येईपर्यंत बोलत होतो. थोडं सोड, आता वढ, वळण हाय, पाह्यलं मी. तीन आठवड्यांचं तुंबलेलं बोलणं त्या घाटात बाहेर पडलं.

पायथ्याला गाडी उभी केली. चाकांतून धूर निघत होता. मला तेव्हा भान आलं की सासूदेखत मी नवऱ्यावर ओरडले होते, डोईवर पदर नव्हता आणि आजूबाजूच्या चार बंडीवाल्यांनी ते पाहिलं होतं. संपलं, मी मनात म्हटलं. ट्रंक भरायला घ्यावी.

सासूबाई खाली उतरल्या. गाडीला वळसा घालून मागच्या दारानं आत चढल्या आणि माझ्या ट्रंकेवर बसल्या. “मी इथंच बसतो,” एवढंच म्हणाल्या. राग होता की भीती, कळेना.

चाकं निवल्यावर आम्ही निघालो. पुढे आणखी एक उतार होता, छोटासा. नवरा गप्प, मी गप्प. झाल्या प्रकाराची दोघांनाही लाज वाटत होती. मी न सांगता दांडा ओढला, त्यानं न सांगता गिअर टाकला, गाडी नीट उतरत होती. तेवढ्यात मागून पत्र्यावर धडाधड थापा पडल्या.

“काहून चूप हा दोघं?” सासूबाई मागून ओरडल्या. “बोला न बापा! उतार हाय, बोलत राहा!”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बोलायला काहीच नव्हतं. “आज काय करशीन खायले?” त्यानं मोठ्यानं विचारलं. “वांगे हायेत,” मी तितक्याच मोठ्यानं म्हणाले. मागे त्या शांत झाल्या.

पुसदला यष्टी लागलेली होती. माझी ट्रंक मी भरून दाराशी आणून ठेवली होती. त्यांनी ती ओलांडली, आपलं गाठोडं घेतलं आणि एकट्याच चढून खिडकीशी बसल्या. नवरा खाली उभा होता. त्या त्याला म्हणाल्या, “घरी गेलो का मले पुन्हा वाटन, सून घरी पाह्यजे म्हनून. मी मानूस धाडीन न्यायले. तरी इले धाडू नोको.”

यष्टी सुटली. दोन महिन्यांनी त्यांनी माणूस धाडला. नवऱ्यानं त्याला जेवू घातलं आणि परत पाठवला.