रविवारचं रीडिंग

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर फक्त हसायला वाचल्या. माझा विश्वास वजनावर, मापावर आणि दुपारच्या झोपेवर. तरी हे लिहितोय, कारण यात भूत नाहीच... चिखल आहे.

हैदराबादेत, नारायणगुड्याच्या एका माती-तपासणी लॅबमध्ये मी टेक्निशियन. मागच्या वर्षी समुद्रकाठच्या एका गावाहून नमुने आले – काळपट, लोण्यासारखी मऊ माती. तिथे वादळात गावाने आसरा घ्यायची इमारत व्हायची होती. साधा पाया चालेल की खोल खांब हवेत, हे आमच्या रिपोर्टवर ठरणार.

टेस्ट सोपी, पण चिवट. बांगडीएवढ्या कड्यात माती भरायची, वजन चढवायचं, चोवीस तासांनी ती किती दबली ते डायलवर वाचायचं, मग वजन दुप्पट. रोज. रविवारीसुद्धा.

नेमकी त्या रविवारी बायकोला बेगम बाजारातून वर्षाची मिरची आणायची होती. म्हणाली, "चिखल कुठं पळून जातोय का हो?"

पटलं! शनिवारी सकाळी डायल वाचला – २१८. आणि रजिस्टरात रविवारचा आकडाही आधीच लिहून टाकला – ३४७. माझ्या स्कूटरचा नंबर. खाली सही ठोकली, कुलूप लावलं, किल्ली खिशात.

सोमवारी दहाला आलो. डायलवर ३४७.

मी चक्क नाचलो. तेवढ्यात टेबलावर, माझ्या डब्याशेजारी, शनिवारी चढवायचं वजन दिसलं. गडबडीत मी ते चढवलंच नव्हतं! म्हणजे काटा २१८च्या आसपासच असायला हवा होता...

राव सर आले. आमचे साहेब, नल्लकुंट्याचे पक्के हैदराबादी. रजिस्टरातले आकडे आलेखावर मांडून खूश. "वाह भई, कर्व मस्त बैठा! रिपोर्ट आजच पाठवू."

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं असतं? माती तर माझ्याच बाजूने साक्ष देत होती. पण त्या इमारतीत लोक जीव मुठीत धरून बसणार होते – माझ्या स्कूटरच्या नंबरवर.

"सर, तो आकडा खोटा आहे."

"पागल हुए क्या? डायल पण तेच बोलतोय की!"

मी वजन दाखवलं. सरांनी यंत्राच्या हँगरला टांगलेली वजनं स्वतः दोनदा मोजली. मग स्टुलावर बसले. म्हणाले, "दुसरा सँपल काढ. आठवडा उशीर झाला तर होऊ दे, शिव्या मी खातो."

पुन्हा पहिल्यापासून केलं. रविवारी बायको डबा घेऊन समोर बसली – पहारा! यावेळी त्याच वजनाखाली माती ३४७वर थांबली नाही. ४६०च्या पुढे गेली. माती इतकी दबते म्हटल्यावर रिपोर्टात खोल खांब आले.

डायल तपासायला पाठवला, निर्दोष परतला. सर म्हणतात, कुणाचा तरी धक्का लागला असेल. बंद खोलीत? आणि नेमका तेवढाच? मला आजही कळलेलं नाही.

रजिस्टरात ते ३४७ तसंच आहे, वर आडवी रेघ, शेजारी माझी सही. आणि डायल वाचायच्या आधी मनात कुठलाच आकडा येऊ नये म्हणून मी सत्तावीसचा पाढा म्हणतो. मोठ्याने. लॅबमधल्या नवीन पोरी हसतात. हसू देत.