नायट्याची मोजणी

माणसाच्या अंगावरच्या नायट्याकडे जमिनीचा तुकडा म्हणून बघणारा माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो चौलला आमच्या कुंपणाला लागून राहतो. आम्ही सगळे त्यांना मोजणीकाका म्हणतो. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. अर्ध्या जिल्ह्यातली भावाभावांची भांडणं त्यांनी साखळी टाकून मिटवली, आणि उरलेल्या अर्ध्यात ती त्यांच्या मोजणीमुळेच सुरू झाली असं म्हणतात. निवृत्त झाल्यावर साखळी खात्यात जमा केली, पण हात काही स्वस्थ बसेनात. मग त्यांना माणसांची कातडी सापडली. आमच्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, सुपारीच्या वाडीत दिवसभर पाणी ठिबकत असतं, आणि आषाढ सरेपर्यंत घरटी एकाला तरी कुठे ना कुठे गोल, लाल, खाजरा नायटा उठतोच. तेव्हा काकांना कामाची कधी ददात पडली नाही.

सुरुवात झाली ती काकूंच्या मनगटापासून. बांगड्यांखाली रुपयाएवढा नायटा उठला, तशी काकूंनी कुणीतरी सांगितलेली लाल झाकणाची ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, काकू खूश. आठवड्याभरानं नायटा परत आला तो कोपरापर्यंत. असं तीनदा झाल्यावर काका त्यांना अलिबागला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी सांगितलं, या ट्यूबमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं आहे, त्यानं खाज तेवढी गप्प होते आणि बुरशी मात्र फोफावते. नुसतं बुरशीवरचं मलम लावा, दिवसातून दोनदा, काठाच्या पलीकडे दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि डाग दिसेनासा झाला तरी पुढे दोन आठवडे. सेंटिमीटर हा शब्द कानावर पडताच काका खुर्चीत ताठ झाले, असं काकू हसत हसत सांगायच्या. "काठ नक्की कुठला धरायचा? आतला की बाहेरचा?" त्यांनी विचारलं. "बाहेरचा," बाई म्हणाल्या. "आणि तो रोज सरकत असेल तर?" यावर बाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी येताच काकांनी निळ्या बॉलपेननं काकूंच्या हातावर हद्द आखली, दोन सेंटिमीटर सोडून बाहेर दुसरी रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. मग सकाळ-संध्याकाळ स्वतः मलम लावलं. काकूंचा हात बरा झाला तो कायमचा.

काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांची मुलगी सुमाताई पनवेलला चौदाव्या मजल्यावर राहते. ती काकांना तिकडे बोलावून बोलावून थकली. "तिथे जमीनच नाही, मी करू काय?" हे काकांचं उत्तर. एकदा तिनं फारच रडारड केली, तेव्हा काका माझ्यादेखत म्हणाले, "ज्या दिवशी अंगाचं एक जरी काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागेल, त्या दिवशी बॅग भरून तुझ्याकडे येतो. लिहून घे." सुमाताईनं खरोखरच लिहून घेतलं, खाली सही घेतली आणि साक्षीदार म्हणून माझीही घेतली. मुलगी कुणाची म्हणायची! तेव्हापासून काका आपले कपडे आपण धुतात, विहिरीचं पाणी आपण शेंदतात, आणि कुणी नुसती पिशवी धरायला हात पुढे केला तरी साप दिसल्यासारखे मागे सरकतात.

दुसऱ्यांच्या अंगाची कामं मात्र ते न बोलावता करतात. मी रेवदंड्याच्या शाळेत मास्तर आहे. रोज मोटरसायकलवरून भिजत जायचं आणि ओल्या पँटीतच फळ्यासमोर उभं राहायचं, त्यामुळे गेल्या वर्षी माझ्या कमरेला पट्ट्याखाली नायटा उठला. मी तो बायकोपासूनसुद्धा लपवला होता. पण कुंपणापलीकडून काका म्हणाले, "मास्तर, तू डाव्या हातानं कंबर खाजवत फार विचार करतोस हल्ली. शर्ट वर कर." मग भर अंगणात मोजणी झाली. काका दस्त वाचावा तसे खड्या आवाजात सांगत होते, "उत्तरेस बरगड्या, दक्षिणेस लेंग्याची नाडी, पूर्वेस बेंबी, पश्चिमेस मोकळी जागा. अतिक्रमण पश्चिमेकडे चालू आहे." अख्ख्या आळीनं ते ऐकलं. पुढचा महिनाभर वाण्यापासून पोस्टमनपर्यंत जो भेटेल तो पश्चिमेकडची खबर विचारत होता.

आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या हिराबाईच्या दंडावर असाच नायटा होता. काकांनी तिची पाटी खाली ठेवायला लावून हद्द आखून दिली. दहा दिवसांनी विचारलं तर ती म्हणाली, "गेला नं काका त्यो! आता कशाला लावू?"

"गेला? तुला सांगून गेला?"

"दिसत न्हाय तं गेलाच म्हनायचा."

"मी तुला दिसेनासा झालो म्हणजे मेलो का? अजून दोन आठवडे लाव."

हिराबाईनं कानाआड केलं. पुढच्या महिन्यात पाटी उतरवून तिनं मुकाट्यानं दंड पुढे केला. "आला काका. भावाला घिऊन आला." काका रागावले नाहीत. नायट्याला पोटहिस्से पडले आहेत, एवढंच म्हणून त्यांनी दोन वेगळ्या हद्दी आखल्या आणि तिच्याकडून ताजे बोंबील नेहमीपेक्षा जास्तच घासाघीस करून घेतले.

त्यांचा खरा डोळा असतो लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. कुणाच्या दांडीवर किती टॉवेल आहेत, त्यातला कुठला दोघांत वापरला जातो, कुणाची बनियन दमट असतानाच घडी करून कपाटात गेली, सगळं त्यांना पाठ. पावसाळाभर चड्ड्यांना दोन्ही बाजूंनी इस्त्री करायची, हा त्यांचा आमच्या घराला हुकूम आहे, आणि बायको माझ्यावर चिडली की ती इस्त्री माझ्या हातात देते. लग्नात ते अहेर म्हणून दोन वेगळ्या रंगांचे टॉवेल देतात. मागच्या वैशाखात एका नवऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला, "संसार एकत्र, टॉवेल वेगळे." मुलीची आजी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

असा हा माणूस यंदाच्या श्रावणात ओटीच्या खांबाला पाठ घासताना मला दिसला. गोठ्यातली म्हैस घासते तशी, डोळे मिटून. मी हाक मारली तर दचकून म्हणाले, "खांब ओळंब्यात सरळ आहे का ते बघतोय." दुसऱ्या दिवशी दाराची चौकट ओळंब्यात आहे का ते बघत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांची शिडी परत द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. काका उघड्या पाठीनं स्टुलावर बसले होते. पुढे कपाटाचा आरसा, मागे खिडकीत दाढीचा आरसा, आणि हातात लाकडी फूटपट्टी, तिच्या टोकाला दोऱ्यानं बांधलेला कापूस. आरशात उजवं-डावं उलट होत असल्यामुळे पट्टी भलतीकडेच जात होती. मलम खांद्यावर होतं, मानेवर होतं, मागच्या कॅलेंडरवर होतं. तळहाताएवढा नायटा पाठीच्या अगदी मधोमध होता आणि तेवढीच जागा कोरडी होती.

मला आधी हसू आलं. मग आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि ते आतच राहिलं.

"दार लाव," काका म्हणाले. "सुमाला कळवलंस तर याद राख."

"काका, आणा इकडे. मी लावतो."

"नको. अंगाचं काम आहे. लिहून दिलंय मी. तुझीच सही आहे त्यावर."

मी लावलं तर त्यांचा शब्द मोडतो, आणि शब्द मोडला की हे घर, ही वाडी सोडून चौदावा मजला. नाही लावलं तर बुरशी पाठभर होते. एकदम काका उठले, टेबलाच्या खणातून कागद काढला आणि झरझर लिहून माझ्या हातात दिला. ती मला रीतसर नोटीस होती. शेजारच्या जमिनीचा धारक या नात्यानं मोजणीच्या वेळी मी समक्ष हजर राहावं आणि हद्दीच्या खुणा दाखवाव्यात. "शेजाऱ्याला हजर राहावंच लागतं," ते म्हणाले. "याला मदत म्हणत नाहीत. नियम आहे." आणि त्यांनी मला बॉलपेन दिलं.

मी हद्द आखली, बाहेरची रेघ मारली, तारीख घातली आणि मलम लावलं. काठाकडून आत, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे. शर्टातून कधी कळलं नव्हतं, पण माणूस फार वाळला होता. "हात गार आहे तुझा," काका म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "दर शनिवारी तेल लावायची ही पाठीला. तिचाही गारच असायचा." तेवढ्यात सुमाताईचा फोन आला, काही हवं-नको विचारायला. "काही नको," काका ऐटीत म्हणाले. "सरकारी काम चाललंय."

रोज शाळेत जाताना एकदा आणि परत आल्यावर एकदा अशा माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. भाद्रपदात डाग गेला. तिथून पुढचे दोन आठवडे मी कॅलेंडरवर मोजले, आणि ते संपल्यावर संध्याकाळी काम संपलं असं सांगायलाच गेलो. काका शर्ट काढून, पाठ करून, तयार बसले होते. दाढीचा आरसा खिडकीतून मोरीत परत गेला होता.

"काठ दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

पाठ लख्ख होती. "दिसतोय थोडासा," मी म्हणालो. ट्यूब संपली होती, म्हणून मी फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली आणि पाठीच्या मधोमध हात फिरवायला लागलो. खोलीभर वास सुटला. आळीत कोण काय लावतं हे लांबून ओळखणारा माणूस मान खाली घालून गप्प बसला होता.

"मग हद्द अजून कायम झाली नाही म्हणायची," ते म्हणाले. "उद्या जरा लवकर ये. चहा टाकतो."