पश्मीच्या केसाला दोन पाणी

पश्मी कुत्रं आता आमच्या भागात दिसत नाही असं नाही, पण त्याचे केस बघितले की मला पुढं बोलावंसं वाटत नाही. लोक कारवानी कुत्रं पाळतात, पळवायला नेतात, त्याच्याजवळ बसून फोटो काढतात. कारवानीचे केस आखूड, अंगाला चिकटून. त्याला काही करावं लागत नाही. पश्मी त्याच जातीची, तीच बारीक कंबर, तेच लांब तोंड, पण अंगावर बोटभर केस आणि कानाला, शेपटीला, मागच्या पायांना रेशमासारखी झालर. ती राखावी लागते. आमच्या वडिलांनी राखली, मी राखली. दुष्काळात राखली हे मुद्दाम सांगतो, कारण सुकाळात कुणीही राखंल.

ऐंशी सालानंतर पाऊस पुन्हा हुकायला लागला तेव्हाचं हे. आमचं गाव परंड्याच्या अलीकडं. गावात दूध सोसायटी नवी होती आणि मी तिथं कॅन धुवायला आणि राखणीला होतो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन यायचे, माप व्हायचं, कॅन भरायचे, टेम्पो येऊन घेऊन जायचा. बाकी सगळं गाव रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होतं. मला डोक्यावर पत्रा होता, एवढंच काय ते माझं सुख. पन्नाशी जवळ आली होती, उजवा गुडघा धरत होता. हे काम सुटलं असतं तर हातोडा घेऊन उन्हात बसावं लागलं असतं, आणि त्या गुडघ्यानं मी बसलो असतो पण उठलो नसतो.

पश्मी माझ्याबरोबर यायची. आत नाही, दाराबाहेर बाभळीखाली बसायची. पिवळसर रंगाची, कान लोंबते, चालली की शेपटीची झालर वाऱ्यावर हलायची. तिची आजी आमच्या वडिलांची. लोक वडिलांचं नाव विसरले, पण पश्मीवाले म्हटलं की अजून घर दाखवायचे.

एक दिवस चेअरमन आले. मोठे शेतकरी, माणूस वाईट नव्हता. ओरडायचा नाही, हळू बोलायचा, त्यामुळं जास्त लागायचं.

“तात्या, कॅनमधी केस सापडला. वरनं निरोप आलाय.”

“बाईमानसाचा असंल.”

“पिवळा हाय, तात्या. गावात पिवळ्या केसाची बाई कोन हाय, मला तरी दावा.”

मी हातातला कॅन पालथा घातला. मग म्हटलं, “तिला घरी बांधतो.”

“घरी बांधून काय व्हायचं? तुमच्या धोतराकडं बघा की.” मी बघितलं. केस होतेच. ती माझ्या पायाशी निजायची, केस माझ्या अंगावर, मी कॅनवर वाकायचो. चेअरमन म्हणाले, “पुन्हा केस निघाला तर गावाचं सगळं दूध परत येनार. लोकांच्या चुली त्याच्यावर हायेत. तिचे केस उतरवा, न्हायतर तुमी दुसरं काम बघा.”

“केस गळनार न्हायती अशी तजवीज करतो,” मी म्हटलं.

“कशी?”

“करतो म्हनलं की.”

मला काही माहीत नव्हतं. पण पश्मीचे केस उतरवायचे म्हणजे ती पश्मी राहत नाही, नुसती मरतुकडी कारवानी दिसते. आमच्या घरात ते झालं नव्हतं आणि माझ्या हातून होणार नव्हतं.

केस गळायचं कारण पाणी. टँकर यायचा, विहिरीत ओतायचा, ते सगळ्यांनी शेंदायचं. मचूळ पाणी, त्यात साबणाला फेस येत नव्हता. त्यानं धुतलं की पश्मीचे केस कडब्यासारखे राठ व्हायचे, गाठी पडायच्या, हात लावला की झुबका हातात. आणि धुवायचं तरी कितीदा? आमच्यात घमेल्यात बसून अंघोळ करायची, ते पाणी कपड्याला, कपड्याचं पाणी गोठ्याला, असं चाललेलं. त्यातून कुत्रीला काय उरणार!

त्याच आठवड्यात लेक माहेरी आली. ती सोलापुरात दिलेली. तिच्या घरमालकिणीकडं पांढरं केसाळ कुत्रं होतं, तिनं लेकीच्या पिशवीत अर्धी वापरलेली एक बाटली दिली होती. कंडिशनर. आत सायीसारखं घट्ट पांढरं, वास अत्तराचा. बाटलीवर केस सोडलेल्या बाईचं चित्र होतं, म्हणजे ते माणसाचंच असणार, पण मालकीण कुत्र्याला लावायची.

लेकीनं सगळं समजावून सांगितलं. “आबा, आधी धुवायचं. मग हे केसाला चोळायचं, कातड्याला न्हाय. जरा थांबायचं. भिजल्या केसातनंच फनी घालायची, जे गळनारे ते फनीत येत्यात. मग पान्यानं सगळं काढायचं. दोन पानी तरी लागतंय.”

आमच्या मंडळी चुलीपुढं होत्या. त्या तिथूनच बोलल्या.

“दोन पानी? कुत्रीला? माझ्या डोक्याला आमुशापास्नं एक पानी लागलं न्हाय.”

“अगं, कामाचा सवाल हाय माझ्या,” मी म्हटलं.

“कामाचा हाय तर कातर घ्या. सवाल मिटला.”

“केस उतरनार न्हाय.”

“मग चोळा. मला बी जरा ठेवा त्यातलं.”

तरी मंडळींनी पाण्याची एक बादली दिली. कुठून काढली ते विचारलं नाही. लेकीनं पश्मीचं डोकं धरलं, मी परसात धुतली, ती साय चोळली, फणी घातली. खोटं सांगत नाही, फणी लोण्यातून जावी तशी गेली. गळणारे केस सगळे फणीत आले, उशी भरंल एवढे. पण धुण्यातच बादली संपली. वरून ओतायला पाणी नव्हतं. मी म्हटलं, राहू दे अंगावर, तेल लावल्यावर कुणी धुतं का? लेक म्हणाली, “आबा, ते तेल न्हाय.” मी ऐकलं नाही. सांगणारी ती, पण कुत्री माझी.

दुपारपर्यंत पश्मी अशी चमकली की शेजारी कुडावरून बघायला लागले. एक म्हणाला, “तात्या, न्हाऊ-माखू घातलंय, लगीन काढलं का काय हिचं?” मी म्हटलं, “तुझ्यासारखा नवरा मिळाला तर काढीन.” मला बरं वाटलं होतं. बऱ्याच दिवसांनी वाटलं होतं.

संध्याकाळी मात्र रस्त्यावरून खडीची धूळ आली. त्या दिवसांत ती रोजच यायची, पिठासारखी पांढरी, ताटात, डोळ्यात, दातात. ती सगळी पश्मीच्या अंगाला चिकटली. रात्रभर ती लोळली, आणि सकाळी केसांच्या ढेकळ्या झाल्या होत्या. कानाची झालर म्हणजे सुकलेला चिखल. फणी घातली की ती कळवळायची आणि मूठभर केस उपटून यायचे. आधी गळत नव्हते तेवढे आता गळायला लागले. मंडळी काही बोलल्या नाहीत. तिनं बोलायला पाहिजे होतं, गप्प राहिलेली मला सोसत नाही.

लेक गेली. बाटलीत निम्म्याच्या खाली उरलं होतं. मी रोज कामावर जाताना धोतर झटकायचो, बाह्या झटकायचो, पश्मीला घरी कोंडून जायचो. ती आत रडायची. गाठी बोटांनी सोडवत बसायचो, एक सुटायची तोवर दुसरी पडायची. टँकरच्या रांगेत उभं राहायचं, कॅन धुवायचे, गाठी सोडवायच्या. दिवस असे जायचे की सांगावं असं त्यात काही नाही. थकलो होतो. पण केस उतरवतो असं तोंडातून निघत नव्हतं.

मग एके दिवशी टेम्पो आलाच नाही. वाटेत बंद पडला म्हणाले. चैताचं ऊन, कॅन पत्र्याखाली, दुपारपर्यंत सगळं दूध नासलं. चेअरमन डोक्याला हात लावून बसले. नासलेलं वाटायचं ठरलं. लोकांनी चोथा नेला पण त्याचं पाणी कुणाला नको होतं. हिरवटसर, आंबूस पाणी, कॅनच्या कॅन भरून. चेअरमन म्हणाले, “ओतून द्या.”

मी बघत राहिलो. गावात प्यायला पाणी नाही, आणि इथं एवढं ओलं ओतून द्यायचं. माझी आई जन्मभर ताकानं डोकं धुवायची, तिचे केस म्हातारपणी कमरेपर्यंत होते. ताक आणि नासल्या दुधाचं पाणी, फरक किती? आजही कुणी मला त्यातली चूक दाखवावी. मी दोन बादल्या घरी नेल्या. पश्मीला त्यात धुतली, उरलेलं कंडिशनर चोळलं, फणी घातली, ढेकळ्या सुटल्या. मग दुसरी बादली वरून ओतली. दोन पाणी. लेकीनं सांगितल्याप्रमाणं.

केस मऊ झाले होते. मी तिला तशीच सोसायटीकडं घेऊन निघालो. मला चेअरमनना दाखवायची होती.

अर्ध्या वाटेत माशा आल्या. आधी थोड्या, मग गुळावर बसाव्यात तशा. मग गावातली कुत्री आली. एकानं तिची शेपटी चाटली, दुसऱ्यानं पाठ. पश्मी जात्याच अभिमानी, ती गुरगुरली, पण चाटून घेणंही तिला गोड लागत असावं. मी काठी फिरवायचो, गावची कुत्री मागं व्हायची, पुन्हा यायची. अशी मिरवणूक सोसायटीच्या दारात पोचली. संध्याकाळचं माप चालू होतं. बायका दुधाच्या किटल्या घेऊन रांगेत. एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरी सरळ म्हणाली, “तात्या, श्रीखंड लावलं का हिला?”

सगळी रांग हसली. त्या वर्षात मी गावाला एवढं हसताना बघितलं नव्हतं.

चेअरमन बाहेर आले. ते हसले नाहीत. पश्मीकडं बघितलं, माशांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“तात्या, दुधाच्या जागी माशा आनल्या तुमी.”

“केस गळत न्हायती आता. हात लावून बघा.”

“मी हात लावनार न्हाय.” ते जवळ आले आणि हळू म्हणाले, “मला तुमाला काढायचं न्हाय. उद्या सकाळी केस उतरवून या. न उतरवता आलात तर सोसायटीची चावी दुसऱ्याकडं देतो. मला इलाज न्हाय.”

भांडायला पाहिजे होतं. वडील असते तर भांडले असते, चावी अंगावर फेकली असती. मी चावी मुठीत धरून ठेवली. एवढंच तोंडातून निघालं, “कानाचे न्हाय उतरवनार. आनी शेपटीचे.”

“तात्या...”

“अंगाचे उतरवतो. कान आनी शेपटी ऱ्हाईल. न्हायतर चावी आत्ता घ्या.”

त्यांनी वळून रांगेकडं बघितलं. मागं माप थांबलं होतं. मग म्हणाले, “उद्या बघू.”

सकाळी धनगराच्या घरून मेंढ्या कातरायची कातर आणली. मंडळींनी पश्मीचं डोकं मांडीवर घेतलं. मला वाटलं होतं ती आता म्हणंल, मी तेव्हाच सांगितलं होतं. तसं म्हणाली नाही. “हितं गाठ हाय, हळू,” “पोटाकडनं घ्या,” एवढंच. केस खाली पडत गेले. पश्मी हलली नाही. मी कातर थांबवली की ती डोळे उघडायची, चालवली की मिटायची. मला वाटलं होतं ती लाजंल. उलट संपलं तसं तिनं अंग झाडलं, गार जमिनीवर पोट टेकलं आणि अशी निजली, जशी त्या उन्हाळ्यात निजली नव्हती. मी बघत बसलो. राग आला, खरं सांगायचं तर. केसांसाठी मी एवढा मेलो, आणि तिला ते ओझं होतं.

“कान धुवून घ्या,” मंडळी म्हणाल्या. “तसंच नेऊ नका.” तिनं पितळेचा तांब्या भरून दिला. मी बाटलीत पाणी घालून ती खळबळली, तळाचं निघालं तेवढं कानांना आणि शेपटीला चोळलं, फणी घातली, तांब्यानं धुतलं. पुन्हा तांब्या मागितला तर म्हणाली, “किती वेळा?” मी म्हटलं, “दोन पानी.” तिनं आपल्या प्यायच्या घागरीतून दिला.

सोसायटीत रांगेतल्या बायका बघत होत्या, पण कुणी हसलं नाही. बोडकं अंग, बरगड्या दिसणाऱ्या, आणि कानाला तेवढी रेशमाची झालर. चेअरमन बाहेर आले. माशा नव्हत्या. त्यांनी वाकून कानाचे केस दोन बोटांत धरले, ओढून बघितले. हातात काही आलं नाही. बोटं धोतराला पुसली.

“ह्याला पानी किती लागतं?”

“दोन तांबे.”

“आठवड्यातनं?”

“आठवड्यातनं.”

“हितलं पानी न्हाय ना घेत?”

“मंडळींच्या प्यायच्या घागरीतलं,” मी म्हटलं. ते खाली बघायला लागले.

“ऱ्हाऊ द्या मग,” म्हणाले आणि मापाकडं वळले. मी आत जाऊन कॅन धुवायला बसलो.